चौकटीतून पडद्यावर

चित्रकथेवरून चित्रपट काढणे हे वरवर पाहता जगातले सर्वांत सोपे काम वाटावे. कादंबरीवरून चित्रपट करायचा तर नायक दिसायला कसा, त्याच्या घराचे दार कोणत्या बाजूला, पावसात रस्ता कसा चमकतो, हे सारे दिग्दर्शकाला आपल्या डोक्याने उभे करावे लागते. चित्रकथेत ते आधीच काढून ठेवलेले असते. पात्रे तयार, कोन तयार, संवादही फुग्यांत लिहून तयार. कॅमेरा घ्यावा, एकामागून एक चौकटी टिपाव्यात, की झाला चित्रपट! असे मानून ज्यांनी पैसा ओतला, त्यांतल्या पुष्कळांचे हात पोळले. ते का पोळले हा आमचा पहिला प्रश्न. आणि या सगळ्या उलाढालीत मूळ चित्र काढणाऱ्याच्या, कथा लिहिणाऱ्याच्या पदरात काय पडते, हा दुसरा. दुसरा प्रश्न आमच्या नित्याच्या कामातला आहे. त्यामुळे त्यावर आम्ही जरा अधिक रेंगाळू, ते श्रोत्यांनी सांभाळून घ्यावे.

मोंढ्यातल्या हमालांच्या आणि जिनिंगमधल्या कामगारांच्या मजुरीवरून भांडणाऱ्या माणसाने चित्रकथेवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आमचे वाचन शाळेत फारसे झाले नाही. ते भाड्याच्या पुस्तकांवर झाले. दुकानाच्या फळीला दोरी बांधून त्यावर ‘इंद्रजाल’ची अंके टांगलेली असत, आणि चार आण्यांत एक अंक दिवसभर मिळे. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ १९६४ साली सुरू झाले आणि १९९० साली बंद पडले. या पंचवीस-सव्वीस वर्षांत महाराष्ट्रातल्या दोन पिढ्या वेताळ आणि जादूगार मॅन्ड्रेक मराठीतून वाचून मोठ्या झाल्या. ‘चांदोबा’ होताच, ‘अमर चित्र कथा’ही होती. अक्षर अडले तर चित्र हात देई, आणि चित्र कळले नाही तर अक्षर. अर्धशिक्षित माणसाला असा दुहेरी आधार देणारे दुसरे पुस्तक नाही. म्हणून या विषयाकडे आम्ही पोरखेळ म्हणून पाहत नाही.

चित्रकथा हा प्रकार आपण साहेबाकडून उसना घेतला, असा एक समज आहे. तो खरा नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तिथले ठाकर समाजातील कलावंत पिढ्यान्‌पिढ्या कागदावर रंगवलेली चित्रे एकामागून एक समोर धरून रामायण-महाभारतातली आख्याने गाऊन सांगत आले. चित्रांच्या गठ्ठ्याला ते पोथी म्हणतात, आणि कलावंताला चित्रकथी. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आपल्या गोदावरीच्याच काठी, परभणीच्या वरच्या अंगाला, पैठणला अशाच चित्रांची परंपरा होती. चित्रकथी एक चित्र खाली ठेवून दुसरे उचलतो, त्या मधल्या क्षणात तो गात असतो. एक चित्र संपले, दुसरे आले नाही, आणि गोष्ट मात्र पुढे सरकते आहे! चित्रकथेचे सगळे मर्म त्या क्षणात आहे, आणि चित्रपटवाल्याची सगळी अडचणही तिथेच आहे.

हे जरा उलगडून सांगतो. चित्रकथेच्या पानावर चौकटी असतात आणि दोन चौकटींच्या मध्ये एक कोरी पट्टी असते. समजा, पहिल्या चौकटीत हमालाने आकडा टाकून सोयाबीनचे पोते पाठीवर घेतले आहे, आणि दुसऱ्या चौकटीत तेच पोते ट्रकमध्ये थप्पीवर आहे. मधले काय? फळीवरून चढणे, पोटऱ्यांना आलेला गोळा, मानेवरून ओघळणारा घाम, खालून मुनिमाने घातलेली हाक, हे कागदावर कुठेही नाही. ते वाचणाऱ्याने भरायचे असते. ज्याने पोते उचलले आहे तो ते एका प्रकारे भरील, ज्याने नुसते तोलाईचे पैसे मोजले आहेत तो दुसऱ्या प्रकारे. कोरी पट्टी ही वाचकाची जागा आहे. चित्रपटात ही पट्टी राहत नाही. तिथे सेकंदाला चोवीस चित्रे डोळ्यांपुढून जातात. फळीवरचे प्रत्येक पाऊल दिग्दर्शकाला दाखवावे लागते, किंवा मुद्दाम कापावे लागते. कापले तरी ते त्याने कापलेले असते, आपण भरलेले नसते.

दुसरी गोष्ट वेळेची. चित्रकथा हातात असली की घड्याळ आपल्या ताब्यात असते. एका चौकटीवर दहा मिनिटे थांबावे, दोन पाने मागे जावे, शेवट आधी पाहावा. शिवाय पान उघडताच त्यावरच्या सर्व चौकटी एकाच वेळी डोळ्यांना दिसतात. डोळा वाचतो पहिली, पण शेवटचीची चाहूल त्याला लागलेली असते. कसबी चित्रकार याचा उपयोग करतो आणि धक्का द्यायचे चित्र पान उलटल्यावरच ठेवतो. चित्रपटगृहात घड्याळ यंत्राच्या ताब्यात जाते. ज्यांनी गिरणीच्या भोंग्यावर दिवस काढले, त्यांना हा फरक निराळा समजावून सांगायला नको.

आता आपल्या घरचे उदाहरण घेऊ. ‘चिंटू’ ही चित्रमालिका ‘सकाळ’मध्ये १९९१ साली सुरू झाली. चित्रे चारुहास पंडित यांची, कल्पना आणि लेखन प्रभाकर वाडेकर यांच्याबरोबरचे. रोजच्या तीन-चार चौकटी, एक लहानसा विनोद, आणि उद्या पुन्हा नवा. महाराष्ट्रातली हजारो घरे वर्तमानपत्र उघडून आधी चिंटू पाहत आणि मग पंतप्रधान काय म्हणाले ते वाचत. यावरून श्रीरंग गोडबोले यांनी २०१२ साली ‘चिंटू’ हा चित्रपट काढला, आणि पुढल्याच वर्षी त्याचा दुसरा भागही आला. मराठीत रेखाटलेल्या पात्रावरून पडद्यावर आलेले हे सर्वांत ठळक उदाहरण होय. म्हणून त्यातल्या अडचणी नीट पाहण्याजोग्या आहेत.

पहिली अडचण मापाची. तीन चौकटींचा विनोद हा चिमूटभर मिठासारखा असतो. त्याच मिठाची भाकरी करता येत नाही. शंभर विनोद ओळीने मांडले तरी दोन तासांचा चित्रपट होत नाही. त्याला कथा लागते, पेच लागतो, आणि चिंटूच्या मूळ मालिकेत पेच संध्याकाळी आईच्या हाकेबरोबर मिटत असे. पटकथाकारांनी तोड काढली ती अशी: मुलांचे खेळाचे मैदान बळकावले जाते आणि ही टोळी ते परत मिळवायला उठते. आम्हांला ही तोड फार पसंत पडली. आमच्या धंद्याशी जुळते म्हणूनच नव्हे! रोज थोडी-थोडी ओळख झालेली दहा-बारा मुले एकत्र येण्याला काहीतरी कारण हवे, आणि हक्काची जागा जाणे याहून सबळ कारण मुलांच्या आणि मोठ्यांच्या जगात आम्ही पाहिलेले नाही.

दुसरी अडचण वयाची. कागदावरचा चिंटू वीस वर्षे तेवढाच राहिला. त्याच्याबरोबर वाचायला बसलेली मुले कॉलेजात गेली, नोकरीला लागली, त्यांना मुले झाली. चिंटू आपला त्याच इयत्तेत. पडद्यावर मात्र हाडामांसाचा मुलगा लागतो. शुभंकर अत्रे या मुलाने ते काम केले. हाडामांसाचा मुलगा एका वर्षात दोन बोटे वाढतो, त्याचा आवाज फुटू लागतो. रेषेला मिशा फुटत नाहीत, मुलाला फुटतात. म्हणून असे चित्रपट घाईने करावे लागतात, आणि फार भाग काढता येत नाहीत.

तिसरी अडचण आवाजाची, आणि तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. फुग्यातल्या अक्षरांना आवाज नसतो. तो आपण देतो. परभणीचा मुलगा चिंटू वाचतो तेव्हा त्याच्या कानात चिंटू परभणीसारखाच बोलतो. छापलेले असते ‘काय करतोयस’, आणि ऐकू येते ‘काय करायलास बे’. कागदावरचा चिंटू असा प्रत्येक गावचा झालेला असतो. पडद्यावर आला की तो एका शहराचा होतो, एका बोलीचा होतो, आणि त्याच्या घरातल्या भांड्यांवरून त्याच्या बापाचा पगारही कळू लागतो. यात दिग्दर्शकाचा अपराध नाही. पात्राने तोंड उघडले की कोणत्या तरी एका बोलीत बोलावेच लागणार. परंतु आपल्या गावच्या पोराच्या हातून काहीतरी निसटते, ते निसटते. चित्रपट पाहून आल्यावर ‘हा आपला चिंटू नाही’ असे म्हणणाऱ्या मुलांना बऱ्याचदा एवढेच म्हणायचे असते.

शब्दांच्या पुस्तकाचे असे होत नाही का? होते, पण कमी. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर आचार्य अत्र्यांनी १९५३ साली चित्रपट केला. तो येण्याआधी प्रत्येक वाचकाच्या मनात आपली-आपली श्यामची आई होती आणि ती बहुधा स्वतःच्या आईसारखी होती. कोणाचीही दुसऱ्याशी जुळत नव्हती, म्हणून पडद्यावरच्या आईला सर्वांनी मोकळ्या मनाने जागा दिली. चित्रकथेच्या वाचकांचे तसे नसते. त्या सर्वांनी नेमका एकच चेहरा पाहिलेला असतो, तीच हनुवटी, तेच केस. त्यामुळे मोजमाप घेऊन बसलेले लाखो परीक्षक थिएटरात असतात. आपल्या चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनाही हे ठाऊक असावे. ते लोणावळ्याच्या रविवर्मा छापखान्यात काम केलेले. रविवर्म्याच्या देवदेवता तोवर घरोघर भिंतींवर लागल्या होत्या. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ करताना त्यांनी राजा, राणी आणि राजपुत्र अशा रीतीने उभे केले की प्रेक्षकाला भिंतीवरचे चित्र आठवावे. लोकांनी मनात धरलेल्या चेहऱ्याशी भांडायचे नाही, हे शहाणपण त्यांनी पहिल्याच चित्रपटात दाखवले.

आता समुद्रापलीकडे जाऊ, कारण या विषयाची सर्वांत मोठी कहाणी तिकडची आहे.

अमेरिकेत १९८६-८७ साली ‘वॉचमेन’ नावाची चित्रकथा बारा अंकांत निघाली आणि पुढे एका जाड पुस्तकात बांधली गेली. अशा एकसंध, प्रौढांसाठी लिहिलेल्या चित्रकथेला तिकडे कादंबरीचा मान देतात. आपण तिला चित्रकादंबरी म्हणू. लेखक ॲलन मूर, चित्रकार डेव्ह गिबन्स, दोघेही इंग्रज. कथा मुखवटे घालून गुंडांना मारणाऱ्या वीरांची, पण ते वीर आता वयस्क झालेले, कुणी पोट सुटलेले, कुणी भ्रमिष्ट, कुणी सरकारचे भाडोत्री. आणि वरती अणुयुद्धाचे सावट. या पुस्तकाची बहुतेक पाने तीन गुणिले तीन, अशा नऊ सारख्या चौकटींत आखलेली आहेत. घड्याळाच्या ठोक्यासारखी ती पडत जातात. पाचव्या प्रकरणाची तर गंमतच आहे: त्याचे पहिले पान आणि शेवटचे पान, दुसरे पान आणि शेवटून दुसरे पान, आरशात पाहावे तसे एकमेकांशी जुळते. रस्त्यावरच्या वर्तमानपत्राच्या स्टॉलला टेकून एक मुलगा चाच्यांची एक चित्रकथा वाचत असतो, आणि ती कथाही आपल्याला मुख्य कथेच्या मध्ये-मध्ये वाचायला मिळते. प्रकरणांच्या शेवटी आत्मचरित्राची पाने, अहवाल, कात्रणे जोडलेली आहेत. थोडक्यात, ही वस्तू कागदासाठी, मागे-पुढे पाने चाळणाऱ्या हातासाठीच घडवलेली होती.

साहजिकच चित्रपटवाल्यांना ती हवीशी झाली. टेरी गिल्यम या नामांकित दिग्दर्शकाने प्रयत्न करून सोडून दिला. पाच तासांची मालिका केली तरच हे जमेल, असे त्याचे मत पडले. आणखी दोघे-तिघे आले आणि गेले. अखेर झॅक स्नायडर याने २००९ साली तो चित्रपट केला. त्याने चौकटींचा असा मान राखला की कित्येक दृश्ये पुस्तकाच्या पानावर ठेवून ताडून पाहावीत. चित्रपट दोन तास बेचाळीस मिनिटांचा झाला. तरी चाच्यांची कथा बाहेर राहिली, ती पुढे वेगळी रेखाटून, जोडून साडेतीन तासांच्या आवृत्तीत घातली. शेवट मात्र बदलला. पुस्तकात न्यूयॉर्कवर एक अक्राळविक्राळ बनावट प्राणी येऊन कोसळतो. चित्रपटात त्याऐवजी स्फोट होतात आणि त्यांचा आळ कथेतल्याच एका पात्रावर येतो. पुस्तकाच्या भक्तांनी यावर रान उठवले. आम्हांला स्वतःला बदललेला शेवट तर्काला अधिक धरून वाटतो, पण तो मुद्दा वादाचा राहू द्यावा.

या चित्रपटातला सर्वांत देखणा भाग कोणता म्हणाल, तर सुरुवातीची श्रेयनामावली. बॉब डिलनच्या गाण्यावर चाळीस वर्षांचा इतिहास काही मिनिटांत थबकलेल्या चित्रांसारखा सरकत जातो. हा भाग पुस्तकात अशा रूपात नाही. जिथे दिग्दर्शकाने चौकट बाजूला ठेवून चित्रपटाची स्वतःची साधने वापरली, तिथे तो जिंकला. आणि जिथे त्याने पुस्तक इमानाने गिरवले तिथे चित्र तेच असूनही जीव कमी पडला. कोरी पट्टी गेली होती ना!

जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ येथे आठवावा. १९७९ सालचा हा चित्रपट अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून विजय तेंडुलकरांनी बेतला. दोन पुस्तकांचा एक चित्रपट करायचा म्हणजे निम्म्याहून अधिक टाकावे लागले असणार. त्यांनी टाकले, आणि पत्रकार दिगू टिपणीस याच्या डोळ्यांतून सारे पाहण्याची सोय केली. कामगार पुढारी डिकास्टाही त्यात आहे. सतीश दुभाषी यांनी केलेला. पुढाऱ्याचे ते चित्र आमच्या जातीला फारसे भूषणावह नाही, पण खोटे आहे असेही आम्ही म्हणणार नाही. इमान पानाशी ठेवायचे की पुस्तकाच्या जिवाशी, हा प्रश्न तेंडुलकरांनी कात्री हातात घेऊन सोडवला.

मार्जान सत्रापी या इराणी बाईंनी तो निराळ्या रीतीने सोडवला. त्यांनी इराणातले आपले बालपण, तिथली क्रांती, युद्ध आणि मग परदेशातले एकटेपण ‘पर्सेपोलिस’ या काळ्या-पांढऱ्या चित्रकादंबरीत फ्रेंच भाषेत मांडले. ती २००० सालापासून भागाभागाने निघाली. चित्रपट करायची वेळ आली तेव्हा त्यांनी नट-नट्या घेतल्या त्या फक्त आवाजापुरत्या. चित्रे हाताने काढलेली आणि बहुतांशी काळी-पांढरीच ठेवली, आणि विन्सां पारोनो यांच्यासह दिग्दर्शन स्वतः केले. २००७ साली कान महोत्सवात त्याला परीक्षकांचे पारितोषिक मिळाले. रेषेचा माणूस रेषेचाच राहिला म्हणून तो कोणत्याही देशातल्या प्रेक्षकाला आपला वाटू शकला. मघाशी चिंटूच्या बोलीची जी अडचण सांगितली, तिचा अर्धा तोडगा यात आहे. अर्धाच, कारण आवाज शेवटी कोणाचा तरी लागतोच.

आता दुसरा प्रश्न. ‘वॉचमेन’ चित्रपटाच्या नामावलीत चित्रकार गिबन्सचे नाव आहे. लेखकाचे नाव नाही! ज्याने कथा, पात्रे, संवाद लिहिले, त्या ॲलन मूरचे नाव कोठेही नाही, आणि ते त्याच्याच सांगण्यावरून काढलेले आहे. चित्रपटाचे आपल्या वाट्याचे पैसेही त्याने गिबन्सला देऊ केले. हा काय वेडेपणा, असे कोणी म्हणेल. त्यामागे एका करारातले एक कलम आहे.

मूर आणि गिबन्स यांनी प्रकाशकाशी करार केला तेव्हा त्यात असे ठरले होते की पुस्तकाची छपाई बंद पडली आणि ठराविक मुदत लोटली, की सगळे हक्क लेखक-चित्रकारांकडे परत यावेत. त्या काळी चित्रकथा महिना-दोन महिने दुकानात राहत आणि नाहीशा होत. त्यामुळे कलम भले दिसत होते. दोन-तीन वर्षांत आपली वस्तू आपल्या हाती येईल अशी दोघांची समजूत. परंतु ‘वॉचमेन’ खपतच राहिले. १९८७ साली पुस्तकरूपाने निघाले ते आजवर छापले जात आहे. छपाई बंद पडत नाही, म्हणून हक्क परत येत नाहीत. पुस्तक गाजले हाच गुन्हा! प्रकाशकाने कलम मोडले नाही, एक अक्षर मोडले नाही. ज्यांनी कामगारांचे करार वाचले आहेत त्यांना हा प्रकार परिचयाचा आहे. ‘काम कायम स्वरूपाचे झाल्यास कामगार कायम करण्यात येईल’ असे लिहायचे, आणि काम कधीच कायम स्वरूपाचे होऊ द्यायचे नाही. आम्ही अशी कागदपत्रे आमच्या जिल्ह्यातही हाताळली आहेत. इकडे कलम कामगाराच्या अंगावर येते ते काम थांबल्यामुळे, तिकडे आले ते काम न थांबल्यामुळे, एवढाच फरक. शेवटी चित्रपट तयार झाल्यावर दोन बलाढ्य चित्रसंस्थांनी त्याच्या हक्कांवरून कोर्टात भांडण केले आणि २००९च्या जानेवारीत आपसांत वाटा ठरवून मिटवले. त्या वाटणीच्या टेबलाशी ज्याच्या डोक्यातून हे निघाले तो नव्हता. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण आपली असली तरी नागोबा सर्वत्र आढळतात.

याहून जुनी कथा ‘सुपरमॅन’ची. जेरी सीगल लेखक, जो शुस्टर चित्रकार. दोघे तरुण, परिस्थिती बेताची. १९३८ साली त्यांची तेरा पानांची कथा छापली गेली. दर पानाला दहा डॉलर, तेरा पानांचे एकशे तीस. आणि त्याच रकमेत सुपरमॅन हे पात्र कायमचे प्रकाशकाच्या मालकीचे झाले. याला आपल्या मोंढ्यात उक्ते काम म्हणतात. पोते उतरले, पैसे दिले, विषय संपला. पुढे त्या पात्रावर कोट्यवधी डॉलरांचा धंदा उभा राहिला. दोघे कोर्टात गेले, हरले, आणि त्यांची नावेही छापीनाशी झाली. १९७५ साली बातमी आली की सुपरमॅनवर प्रचंड खर्चाचा चित्रपट निघणार. त्या वेळी सीगल कारकुनी करत होता आणि शुस्टरची दृष्टी जवळजवळ गेली होती. सीगलने वर्तमानपत्रांना लांबलचक पत्रके पाठवली. मग नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या दोन व्यंग-चित्रकथाकारांनी बाकीच्या कलावंतांना हाक घातली, वर्तमानपत्रांतून, दूरचित्रवाणीवरून बोभाटा केला. चित्रपट काढणाऱ्या कंपनीला नेमका त्याच वेळी बोभाटा परवडणारा नव्हता. १९७५ संपता-संपता प्रत्येकी वर्षाला वीस हजार डॉलरांची तनखा मंजूर झाली, आणि नावे परत आली. १९७८ साली चित्रपट लागला तेव्हा पडद्यावर ती नावे होती. कायद्याने जे सदतीस वर्षांत दिले नाही ते काही आठवड्यांच्या एकजुटीने मिळाले. वेळ कोणती साधली, हे यात ध्यानात घ्यावे: सरकीचा हंगाम भरात असताना संप करायचा असतो, हे आमच्या बुजुर्गांनी आम्हांला शिकवले ते याचसाठी.

तथापि आमच्याच बाजूचे एक उलटे उदाहरण सांगितले पाहिजे, नाहीतर ते एकांगी होईल. फ्रँक मिलर या चित्रकथाकाराच्या ‘सिन सिटी’वर रॉबर्ट रॉड्रिगेझ याने २००५ साली चित्रपट केला. मूळ चित्रांना तो इतका धरून राहिला की मिलर हाच खरा दुसरा दिग्दर्शक आहे, त्याचे नाव माझ्या बरोबरीने लागले पाहिजे, असा आग्रह त्याने धरला. आडवी कोण आली? दिग्दर्शकांची युनियन! एका चित्रपटाला एकच दिग्दर्शक, असा तिचा नियम. नियमामागे कारण आहे. तो नसता तर प्रत्येक निर्मात्याने आणि वजनदार नटाने आपले नाव दिग्दर्शक म्हणून घुसवले असते. पण येथे नाव घुसवायचे नव्हते, कष्टकऱ्याला द्यायचे होते. रॉड्रिगेझने युनियनचा राजीनामा दिला आणि मिलरचे नाव लावले. आम्ही युनियनवाले असूनही सांगतो, त्या माणसाने योग्य तेच केले. नियम ज्यासाठी केला त्याच्याच विरुद्ध तो वापरला जाऊ लागला, तर सभा बोलावून तो दुरुस्त करावा.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? १९५७च्या कॉपीराइट कायद्यात, आणि विशेषतः त्याच्या २०१२ सालच्या दुरुस्तीनंतर, लेखक-चित्रकाराच्या हिताच्या काही गोष्टी स्पष्ट आहेत. हक्क लिहून दिले पण मुदत लिहिली नाही, तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नाही, तर तो भारतापुरताच. घेणाऱ्याने वर्षभर हक्क वापरलाच नाही आणि करारात वेगळे काही ठरलेले नाही, तर तो हक्क परत येतो. करार करतेवेळी जे माध्यम अस्तित्वात नव्हते आणि ज्याचा करारात स्पष्ट उल्लेख नाही, त्याचे हक्क त्या कराराने जात नाहीत. आणि यांहून मोलाचे कलम सत्तावन्नावे: हक्क विकले तरी ‘हे माझे आहे’ असे सांगण्याचा आणि आपल्या कृतीची मानहानी होईल अशी मोडतोड अडवण्याचा अधिकार कर्त्याकडे राहतो. हिंदी लेखिका मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’ या कादंबरीवरून ‘समय की धारा’ नावाचा चित्रपट झाला तेव्हा त्या याच कलमावर दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. १९८६ साली न्यायालयाने म्हटले की करार असला तरी तो या कलमाच्या अधीन राहूनच वाचला पाहिजे; चित्रपटासाठी बदल करावेच लागतात, पण त्या बदलांनी मूळ कृती विद्रूप होता कामा नये. बदल आणि विद्रूपता यांच्यामधली रेघ कोठे मारायची, हे प्रत्येक खटल्यात नव्याने ठरवावे लागेल. तशी ती चौकटींइतकी सरळ नसणारच.

कायदा आहे, पण तो वाचणारा हवा. आमच्या ओळखीचा एक तरुण आहे, शेतमजुराचा मुलगा. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीबरोबर त्याचे लहानपण गेले आणि त्याने ते शंभरावर पानांत चित्रांनी मांडले. पुस्तक अजून छापायचे आहे. त्यावर चित्रपट काढू म्हणणारे कोणी त्याच्याकडे आले, हातात एक पानी कागद आणि पंधरा हजार रुपये घेऊन. पोराने रात्री आमच्या कचेरीत कागद आणला. त्यात ‘आज अस्तित्वात असलेल्या व पुढे निर्माण होणाऱ्या सर्व माध्यमांत, सर्व जगभर, कायमस्वरूपी’ असे शब्द होते; म्हणजे कायद्याने जी-जी फट लेखकासाठी ठेवली आहे ती प्रत्येक आधीच बुजवलेली. पात्रांची मालकी दिलेली होती. त्यातली आई त्याची आई आहे, तिचीही. नाव लावण्याविषयी एक शब्द नव्हता.

आम्ही रात्री दहापासून साडेबारापर्यंत बसलो. ‘सर्व माध्यमांत’ काढून ‘एका मराठी चित्रपटापुरते’ घातले. ‘कायमस्वरूपी’च्या जागी तीन वर्षे, आणि त्या मुदतीत चित्रण सुरू न झाल्यास हक्क आपोआप परत. पात्रे त्याचीच राहतील. नाव चित्रपटाच्या आरंभी, दिग्दर्शकाच्या नावाच्या मापाच्या अक्षरांत. पटकथा चित्रणापूर्वी वाचायला मिळेल, आणि ऊसतोडीच्या टोळीतली माणसे आपल्याच बोलीत बोलतील. हे शेवटचे कलम पोराने स्वतः सुचवले. आम्हांला सुचले नव्हते. कागद परत गेला. महिनाभर उत्तर नव्हते. मग फोन आला की बाकी सारे मान्य, फक्त अक्षरांच्या मापाचे काय ते बसून बोलू.